बॅटरी उतरली कशी?

रविवारी संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला आमच्या फाटकाशी कुणीतरी अनोळखी माणूस येऊन उभा राहतो. पायाला वाळू, हातात मोबाइल, चेहरा ओशाळलेला. "काका, जरा गाडी स्टार्ट होत नाहीये. तिकडे कुणीतरी सांगितलं, तुमच्याकडे केबल आहे." राजोडीला समुद्राच्या वाटेवर घर असलं की असे पाहुणे यायचेच. सकाळी मुंबई-ठाण्याहून मंडळी येतात, सुरूच्या सावलीत गाडी लावतात, चारही दरवाजे उघडे टाकून गाणी सुरू करतात. इंजिन बंद, गाणी चालू. चार-पाच तासांनी निघायची वेळ होते तेव्हा गाडी जागची हलत नाही.

बाबा एसटीत मेकॅनिक होते. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी पडवीतल्या खुंटीला जम्पर केबल टांगलेली असते, एक लाल, एक काळी. असा पाहुणा आला की ते चहाचा कप खाली ठेवून उठायचे. लहानपणापासून मी त्यांच्या मागे बॅटरी घेऊन जात आले आहे. म्हणजे हातातली, उजेडाची बॅटरी. आपल्याकडे दोन्हींना शब्द एकच.

बाबा बॉनेट उघडायच्या आधी चावी फिरवायला लावायचे आणि ऐकायचे. 'टक् टक् टक् टक्' असा भराभर आवाज आला, तर बॅटरीत थोडा जीव आहे, पण स्टार्टर फिरवण्याइतका नाही. एकच 'टक्' होऊन शांतता पसरली, तर आधी हेडलाइट लावून बघायचे. चावी फिरवताना दिवा मिणमिणला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवा लख्ख राहिला, तर बॅटरीला उगाच बोल लावू नका, स्टार्टरकडे बघा. आणि इंजिन खळाळून फिरतंय पण पेट घेत नाही, असं असेल तर बॅटरीचा काही संबंधच नाही. पेट्रोल किंवा ठिणगी, दोनपैकी एक कमी पडतंय. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. हे माहीत नसल्यामुळे लोक चांगल्या बॅटऱ्या बदलतात, असं ते म्हणायचे.

मग केबल. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळा चांगल्या बॅटरीच्या उण्याला आणि शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीला नाही, तर त्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असू शकतो, म्हणून ती ठिणगी लांब उडू द्यायची. काढताना सगळं उलट्या क्रमाने.

गाडी सुरू झाली की पाहुणे पैसे पुढे करत. बाबा घेत नसत. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय सोडतही नसत : "उतरली कशी?" बहुतेकांना तो चेष्टेसारखा वाटायचा. सुरू झाली ना, मग आता कशाला? बाबा हटत नसत. "गाणी लावली म्हणून उतरली असेल तर तासभर न थांबता चालवा, भरेल. पण काही न लावता उतरली असेल तर उद्या परत उतरणार. आज मी आहे, उद्या कोण असेल?"

ही सवय त्यांना नोकरीतून लागली असणार. मुक्कामाला जाणारी वस्तीची गाडी जुन्या काळी ड्रायव्हर उतारावर लावून ठेवत. पहाटे स्टार्टर फिरला नाही तर दुसऱ्या गिअरात क्लच दाबून गाडी उतारावर सोडायची, वेग आला की क्लच सोडायचा. उतार नसला तर प्रवाशांनी उतरून धक्का मारायचा. एसटीच्या बसला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस व्होल्ट करतात. त्यातली एक कमजोर झाली की ती दुसरीलाही घेऊन बसते. कोणती ते शोधायला बाबांकडे काचेचा हायड्रोमीटर होता. एकेका कप्प्याचं झाकण उघडायचं, रबरी फुगा दाबून आतलं ॲसिड वर ओढायचं आणि तरंगणारा काटा वाचायचा. साडेबाराशेच्या वर म्हणजे भरलेला, अकराशे-साडेअकराशे म्हणजे रिकामा. पाच कप्पे साडेबाराशे आणि एकच अकराशे असेल, तर कितीही चार्ज करा, ती बॅटरी गेली. मला ते थर्मामीटर लावण्यासारखं वाटायचं.

शिसं आणि सौम्य गंधकाम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ साली बनवली, तेव्हा मोटारगाडी अजून जन्मायची होती. पुढे गाड्या आल्या तरी कित्येक वर्षं इंजिन सुरू करायला समोरून हँडल मारावं लागे. ते उलटं फिरलं की माणसाचं मनगट मोडे. चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला आणि हँडलची गरज हळूहळू संपली. बॅटरी मात्र मूळ तत्त्वाने तीच राहिली. प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे सहा कप्पे. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्ट दिसले तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की समजायचं, सकाळी धक्का मारायची वेळ येणार.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या स्वतःच्या गाडीची बॅटरी तीनदा उतरली आणि तिन्ही वेळा 'उतरली कशी?' हा प्रश्न मला सुचला नाही.

गाडी माझ्या नावावर, पण चालवायचे जास्त बाबाच. मी सकाळी रिक्षाने विरार गाठून लोकल पकडते. गाडी रोज संध्याकाळी पाच वाजता बाहेर निघायची. बाबा आगाशीला जायचे, दूध, भाजी, मित्रांशी गप्पा, आणि अंधार पडायच्या आत परत. शनिवार-रविवार ती माझी. पाडव्याला मी तिच्यात मोठ्या स्क्रीनचा नवा टेप बसवून घेतला. वायरिंगवाल्याला मुद्दाम सांगितलं, चावी न लावताही गाणी वाजली पाहिजेत. तो म्हणाला, "होऊन जाईल, मॅडम." झालं. समुद्रावर गाडी लावून गाणी ऐकणाऱ्या ज्या लोकांना मी आयुष्यभर हसत आले, त्यांच्यातलीच एक मी झाले.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका सोमवारी मला लवकर पोचायचं होतं, म्हणून गाडीने स्टेशनला निघाले. चावी फिरवली. टक् टक् टक्. मी बाबांना हाक मारली. ते ओट्यावर खुर्चीत बसले होते. उठले नाहीत. तिथूनच म्हणाले, "किती वर्षांची आहे?"

"चार होतील."

"मग गेली असेल."

मला बरं वाटलं. चार वर्षं म्हणजे बॅटरीचं वय झालंच. नालासोपाऱ्याहून बॅटरीवाला आला, नवी बसवली, जुनीचे पैसे वजा केले. जुन्या बॅटरीला भाव असतो, कारण तिच्यातलं शिसं वितळवून पुन्हा वापरता येतं. नियमही तसाच आहे, बॅटरी भंगारात फेकायची नाही, परत द्यायची. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. बाबा एसटीतले, पण त्या अर्ध्या तासात ते गाडीजवळ आले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं नाही. आलं असेल तरी मी त्याचं काही केलं नाही.

वीस दिवसांनी नवी बॅटरी उतरली. बॅटरीवाला ती घेऊन गेला, रात्रभर चार्ज करून दुसऱ्या दिवशी लोड लावून तपासली. म्हणाला, "बॅटरी चांगली आहे, तुमच्याच गाडीत काहीतरी आहे." मी खाऱ्या वाऱ्याला दोष दिला. आमच्याकडे लोखंड टिकत नाही, खिडकीच्या गजांपासून सायकलीच्या चेनपर्यंत सगळं गंजतं. टर्मिनलवर पांढरी-निळी भुकटी जमली होती. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ती ब्रशने साफ केली, पुसून वर व्हॅसलीन लावलं. इंजिन चालू करून बॅटरीवर व्होल्ट मोजले, १४.२. म्हणजे अल्टरनेटर ठीक. समाधान वाटलं. जूनच्या पहिल्या रविवारी गाडी तिसऱ्यांदा उतरली.

त्याच दिवसांत घरात दुसरीही एक तक्रार चालू होती. बाबा थकायला लागले होते. एप्रिलच्या मध्यापासून आगाशीची फेरी आधी एक दिवसाआड झाली, मग आठवड्यातून एकदा, मग बंद. दुपारी जेवून झोपले की सहापर्यंत उठत नसत. वाडीतल्या माडांना पाणी घालायचं काम आईकडे आलं. आई म्हणाली, "बाहत्तरावं लागलं, वय झालं आता." मी म्हणाले, उन्हाळा केवढा आहे. गावातल्या डॉक्टरांनी तपासून लोहाचं टॉनिक दिलं आणि रक्त तपासायला लिहून दिलं. टॉनिक आणलं. चिठ्ठी बाबांच्या शर्टाच्या खिशात राहिली. आठ दिवस जरा तरतरी आली, मग पुन्हा तेच. मग सलाइन लावून घेतलं. चार दिवस बरं, पुन्हा तेच.

आता लिहिताना हे इतकं उघड दिसतं की लाज वाटते.

१० जूनला शनिवार होता. बिपरजॉय वादळ अरबी समुद्रात होतं, इकडे पाऊस नव्हता पण वारा सुटला होता आणि समुद्राचा आवाज घरात येत होता. रात्री जेवण झाल्यावर बाबा स्वतःहून म्हणाले, "बाय, मीटर आण. आज बघू कुठून जातेय."

ते फाटकाजवळच्या गाडीपर्यंत चालत आले. ओट्यापासून पंधरा-वीस पावलं. गाडीपाशी पोचल्यावर बॉनेटवर तळहात टेकून उभे राहिले आणि बराच वेळ बोलले नाहीत. श्वास लागला होता. मी खुर्ची आणली. त्यांनी बसून सांगायचं आणि मी करायचं, असं ठरलं.

दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं उणं टोक सोडवलं. मल्टिमीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घातली आणि मीटर सुटलेली वायर व टोक यांच्या मधे जोडला, म्हणजे गाडी जी वीज ओढेल ती मीटरमधूनच जाईल. या अवस्थेत चावी फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. दरवाजे बंद केले. मग थांबायचं, कारण आजकालच्या गाड्यांना झोपायला वेळ लागतो. लॉक केल्यावरही आतली यंत्रणा वीस-तीस मिनिटं जागी असते. आम्ही अर्धा तास अंधारात बसून राहिलो. मागच्या बावखलातून बेडकांचा आवाज येत होता. बाबांनी खिशातून गोळी काढली आणि पाण्याशिवाय गिळली. गुडघ्याची. मी रोजच बघत होते.

अर्ध्या तासाने आकडा स्थिर झाला. ०.३८ अँपिअर. उभ्या गाडीने ०.०५ च्या आत राहायला हवं. घड्याळ, रिमोटचं लॉक, एवढ्यापुरतं. बाबा म्हणाले, "हिशेब कर." बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची. ०.३८ ला चोवीसने गुणलं की दिवसाला नऊ. चार दिवसांत कोरी. खरं तर तिसऱ्याच दिवशी स्टार्टर हरणार, कारण त्याला एका दमात शंभराच्या वर अँपिअर लागतात. शुक्रवारी लावलेली गाडी सोमवारी का उठत नाही, ते गणितातच होतं.

मग मी एकेक फ्यूज काढत गेले. हॉर्नचा काढला, ०.३८. आतल्या दिव्याचा, ०.३८. पाचवा की सहावा टेपचा होता. तो काढला आणि आकडा ०.०२ वर आला. डॅशबोर्ड उघडून पाहिल्यावर दिसलं : चावीच्या लाइनवर जायची लाल वायर त्या माणसाने पिवळीला, म्हणजे कायम चालू असणाऱ्या लाइनला जोडली होती. मीच सांगितलं होतं ना, चावीशिवाय गाणी हवीत. बटण दाबलं की स्क्रीन काळी व्हायची, आतला संगणक मात्र रात्रंदिवस जागा. आणि बॅटरी वारंवार तळापर्यंत उतरली की शिशाच्या पट्ट्यांवर जमलेला थर घट्ट होतो. नंतर चार्ज केली तरी ती पूर्वीएवढं धरत नाही. नवी बॅटरी मी महिन्याभरात म्हातारी केली होती.

"पण मग मार्च-एप्रिलमध्ये का नाही उतरली?" मी विचारलं.

बाबा काही बोलले नाहीत. उत्तर माझं मलाच मिळालं. पाडव्यापासून गळत होतीच. पण तेव्हा बाबा रोज संध्याकाळी आगाशीला जात होते. जेवढी जायची त्यातली बरीचशी त्या फेरीत भरून निघायची. बाबा थांबले म्हणून गाडी उभी राहिली आणि उभी राहिली म्हणून गळती दिसली. बॅटरीला तर मी तीनदा विचारून झालं होतं. ज्या माणसामुळे ती भरत होती तो का थांबला, हे विचारलंच नव्हतं.

मी बॅटरीचा उजेड त्यांच्या हातावर धरला. नखं पांढरी होती. कागदासारखी.

"बाबा, सोमवारी रक्त तपासायचं."

"बघू," ते म्हणाले. "आता उणं टोक काढून ठेव. टेपचं उद्या करू. रात्रीत उगाच उतरायला नको."

पहाटे साडेचारला बाथरूममध्ये ते पडले. आई ओरडली तेव्हा मी धावले. शुद्धीवर होते, पण अंग गार आणि घामाने भिजलेलं. रुग्णवाहिकेची वाट बघायचा धीर झाला नाही. शेजारच्या काकांनी आणि मी त्यांना उचलून मागच्या सीटवर निजवलं. मी बॉनेट उघडलं. पाना रात्रीचा तिथेच होता. उण्या टोकाचा नट आवळताना हात इतके थरथरत होते की पाना दोनदा खाली पडला. चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

सत्पाळा, आगाशी, बोळींज. रिकाम्या रस्त्याने विरारला दवाखान्यात पोचेपर्यंत मी आरशातून फक्त त्यांच्या पोटाची हालचाल बघत होते.

तिथल्या डॉक्टरबाईंनी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, शौचाला काळं होतंय का? डांबरासारखं?"

"हो."

"कधीपासून?"

"दोनेक महिने. टॉनिकमुळे असेल म्हटलं."

लोहाच्या औषधाने काळं होतं हे खरं आहे. पण टॉनिक मे महिन्यात सुरू झालं होतं, दोन महिन्यांपूर्वी नाही. दुसरा प्रश्न : "दुखण्याच्या गोळ्या घेता?" डायक्लोफिनॅक, दिवसाला दोन, बऱ्याचदा उपाशीपोटी, जवळजवळ वर्षभर. औषधाच्या दुकानातून मीच कितीदा आणून दिल्या होत्या. हिमोग्लोबिन ५.८ आलं. पुरुषाचं तेराच्या आसपास किंवा वर असायला हवं. आधी रक्ताच्या पिशव्या, मग दुर्बीण घातली. जठरात व्रण होता. भळाभळा वाहत नव्हता, पाझरत होता. रोज थोडं थोडं. शरीर तेवढ्यावर भागवत राहिलं, म्हणून एवढे दिवस कुणाला कळलं नाही.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की या वयात माणूस थकला तर वय झालं असं आधी म्हणायचं नाही. सगळं शोधून काही सापडलं नाही तर शेवटी म्हणायचं. नुसतं लोह आणि सलाइन देत राहिलो असतो तर किती दिवस चाललं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही. दिवसाला किती जातं आणि किती उरतं, हा हिशेब मी आदल्याच रात्री करून बसले होते.

सहा दिवसांनी बाबा घरी आले. गोळ्या बंद. गुडघ्यांसाठी शेकणं आणि व्यायाम. ऑक्टोबरात हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं आणि आगाशीची फेरी पुन्हा सुरू झाली. अगदी पहिल्यासारखे झाले असं नाही म्हणता येणार. माडांचं पाणी आईकडेच राहिलं. महिन्याभरात दोनदा तळाला गेलेल्या त्या बॅटरीनेही पुढच्याच पावसाळ्यात दम टाकला. यावेळी ती का गेली ते मला माहीत होतं.

रविवारचे पाहुणे अजून येतात. आता केबल घेऊन मी जाते, बाबा ओट्यावरून ऐकतात. सगळे चिमटे काढून झाल्यावर मी विचारते, "उतरली कशी?" परवा एकजण हसून म्हणाला, "ताई, सुरू झाली ना, जाऊ दे." मी त्याला जाऊ दिलं नाही. सकाळपासून काय काय चालू होतं, मागच्या आठवड्यात काही नवीन बसवलंत का, आधी कधी असं झालं होतं का, सगळं विचारलं. त्याच्या बायकोने गाडीत बसल्या बसल्या घड्याळ दाखवलं.

टेपची लाल वायर मी दुसऱ्याच आठवड्यात चावीच्या लाइनवर जोडून घेतली. आता चावी काढली की गाणं मधेच तुटतं. बाबांना ते आवडत नाही. आगाशीहून येऊन फाटकात गाडी लावली की आकाशवाणीवरचं गाणं संपेपर्यंत त्यांना आत बसून राहायचं असतं. मग ते चावी अर्धी फिरवून ठेवतात. आणि आई ओट्यावरून ओरडते, "उतरेल हो ती!"